अंजलीचा न भरलेला फॉर्म

साहेबराव लोंढे सर भवानीनगरच्या पलीकडं एका शाळेत अकरावी-बारावीला गणित शिकवायचे. पण गावोगावी त्यांची ओळख होती ती गणितामुळं नव्हे. जूनमध्ये बारावीचा निकाल लागला की पिंपळीपासून डाळजपर्यंतची पोरं आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे बाप गुणपत्रिका घेऊन सरांच्या दारात यायचे. कुठला फॉर्म कुठं मिळतो, जातीचा दाखला काढायला तहसीलला कधी जावं, सही कुणाची चालते, सगळं सरांना तोंडपाठ.

सर स्वतः डाळजच्या बौद्ध वस्तीतले पहिले पदवीधर. त्यांच्या वेळी सांगणारं कोणी नव्हतं. इंजिनिअर व्हायला वेगळं कॉलेज असतं हे त्यांना बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला कळलं. आपली गत दुसऱ्या कुणाची होऊ नये, एवढ्यासाठी त्यांनी हे काम अंगावर घेतलं होतं.

सुरुवातीला ते पोरांना म्हणायचे, "उडी मारायची तर लांब मारा." एकोणनव्वद साली केसरबाईंचा मुलगा बुद्धघोष त्यांच्याकडं आला. त्याला डी.एड.ची जागा मिळाली होती. दोन वर्षं शिकला की मास्तर. पण पोरगा हुशार. सरांनी त्याला ती जागा सोडून इंजिनिअरिंगच्या यादीची वाट बघायला लावली. यादी लागली ती त्याच्यापेक्षा दोन गुण वरच थांबली. तोवर डी.एड.ची जागा दुसऱ्यानं घेतली होती. बुद्धघोष पुन्हा परीक्षेला बसला, गुण आणखी घसरले, आणि शेवटी तो कारखान्यात हंगामी कामाला लागला.

एके दिवशी केसरबाई सरांच्या दारात आल्या. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

"सर, तुमी वंगाळ सांगितलं असं मी म्हणत न्हाय," त्या म्हणाल्या. "पर पोराच्या म्होरं आलेलं ताट तुमी सरकवाय लावलं."

एवढं बोलून त्या गेल्या. सरांच्या मनात मात्र ते वाक्य काट्यासारखं रुतून बसलं. तेव्हापासून सरांचा सूर बदलला. पोरगं कितीही तल्लख असो, ते एकच सांगू लागले, "हातातलं सोडू नको."

त्र्याण्णव साली पिंपळीचा सोमनाथ आपल्या थोरल्या मुलीला, अंजलीला, घेऊन आला. सोमनाथ एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक. पोरगी अबोल, पण डोळे धीट. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून तीनशेपैकी दोनशे एक्केचाळीस.

"काय व्हायचंय?" सरांनी विचारलं.

"डॉक्टर."

सरांनी गेल्या वर्षीची यादी काढली. राखीव जागांची यादीसुद्धा दोनशे छप्पन्नला थांबली होती. त्यांनी मान हलवली. "पंधरा गुण कमी पडतात, पोरी. डी.एड.ला मात्र तुझा नंबर नक्की लागतोय. दोन वर्षांत पायावर उभी राहशील."

"तुमी म्हनाल तसं, सर," सोमनाथ म्हणाला. "आमाला त्यातलं काय कळतंय?"

 अंजलीनं विचारलं, "सर, डी.एड.चा फॉर्म भरते. पण मेडिकलचा नुसता भरून ठेवला तर?"

त्यात काहीच वावगं नव्हतं. पुण्याला एक फेरी, एवढंच. पण सरांच्या डोळ्यांपुढं केसरबाई उभ्या राहिल्या. "आशा लावून घेऊ नको," ते म्हणाले. "मन तिकडं अडकलं की इकडचं पाऊल उचलत नाही." आणि त्यांनी तिला बुद्धघोषची सगळी हकिगत सांगितली. अंजलीनं ती खाली मान घालून ऐकली, गुणपत्रिकेची घडी घातली आणि ती बापाबरोबर निघून गेली.

पाऊसकाळ सरत आला तेव्हा बारामतीच्या विहारात गुणवंत मुलांचा सत्कार ठेवला होता. मार्गदर्शन करायला सरांना बोलावलं होतं. डी.एड.ला लागली म्हणून अंजलीचाही सत्कार होता; ती सोमनाथशेजारी दुसऱ्या ओळीत बसली होती. बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालून झाला, वंदना झाली, आणि निवेदक एकेक नाव पुकारू लागला.

"कुमारी साक्षी बनसोडे! तीन विषयांत दोनशे सदतीस गुण. आपल्या समाजातून यंदा मेडिकलला प्रवेश!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सरांचे हात मात्र मांडीवरच राहिले. दोनशे सदतीस. यंदा यादी खाली उतरली होती. त्यांनी दुसऱ्या ओळीकडं पाहिलं. सोमनाथ जोरजोरात टाळ्या वाजवत होता. त्याला गुणांचा मेळ लागला नव्हता. अंजली समोर बघत होती, आणि तिचा चेहरा कोऱ्या पाटीसारखा झाला होता.

सरांना बोलायला उभं केलं. त्यांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं, घसा बसलाय म्हणून सांगितलं आणि ते खाली बसले.

कार्यक्रम संपल्यावर सोमनाथ चपला शोधायला गेला तशी अंजली पुढं आली.

"सर, फॉर्म भरला असता तर जागा मिळाली असती ना?"

खोटं बोलणं सोपं होतं. सर म्हणाले, "हो. मिळाली असती. माझं चुकलं, अंजली."

तिनं ओठ आवळले. सर घाईघाईनं म्हणाले, "पुढच्या वर्षी भरू आपण. मी स्वतः पुण्याला येतो. डी.एड. सोडून—"

"नको सर. यादी परत वर गेली तर? त्या मुलाचं तुम्हीच सांगितलंत ना."

 आपली भीती आपण या पोरीच्या पदरात बांधून दिली, हे सरांना तिथं उभ्या उभ्या कळलं.

"बाबांना सांगू नका," ती म्हणाली. "त्यांना लई आनंद झालाय."

"नाही सांगणार."

अंजली डी.एड. झाली आणि डाळजच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागली. सर गावी गेले की कधीमधी तिची गाठ पडायची. ती नमस्कार करायची, तब्येत विचारायची, चहाला बोलवायची. तिच्या बोलण्यात राग नव्हता. पूर्वीचा जिव्हाळाही नव्हता. सर चहाला कधी गेले नाहीत.

पोरं अजून यायची. सर फॉर्म दाखवायचे, तारखा सांगायचे, दाखले तपासून द्यायचे. पण 'सर, मी काय करू?' असं कुणी विचारलं की म्हणायचे, "तुझं तू ठरव." पोरांना ते कोरडं वाटायचं. तारखा काय, नोटीस बोर्डावरही मिळतात. हळूहळू दारातली गर्दी ओसरली. सरांच्या डोक्यात गर्व शिरला, असंही कुणी म्हणालं.

अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये सोमनाथ धाकट्या मुलीला घेऊन आला. हातात पेढ्यांचा पुडा.

"थोरलीला तुमी मार्गी लावली, सर. आता हिचंबी तुमीच ठरवा."

सरांनी पोरीची गुणपत्रिका पाहिली आणि ती तशीच परत दिली. "सगळे फॉर्म भरा, सोमनाथराव. एकही सोडू नका. पण ठरवायला मला सांगू नका."

"का म्हून?"

"मला ते जमत नाही आता."

"थोरलीच्या येळंला जमलं, आन् हिच्या येळंलाच न्हाय व्हय?" सोमनाथचा आवाज चढला. "आमचं काय चुकलं ते तरी सांगा."

सरांच्या ओठांवर सगळं आलं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण शब्द दिला होता, आणि तो मोडला असता तर सोमनाथच्या घरातला पाच वर्षांचा आनंद नासला असता. सर मान खाली घालून बसून राहिले.

 सोमनाथ पोरीला म्हणाला, "चल. मोठ्या मानसाच्या दारात लई येळ उभं ऱ्हाऊ नये."

त्यानंतर बारामतीच्या बाजारात दोघं समोरासमोर आले की सोमनाथ रस्ता ओलांडून पलीकडं जायचा. सरांनी त्याला एकदाही हाक मारली नाही.