लातूरच्या पैलवानाचा डावा गुडघा

ये, जवळ बस. इतक्या दिवसांत ही आत्याआजी आठवली न्हाई व्हय? निजामाच्या राज्यात लातूरच्या पैलवानानं तुझ्या आज्याला, म्हंजी माझ्या थोरल्या भावाला, दादाला, चीत केलं होतं. दादा दुसऱ्यांदा हरला तर आमचे वडील, आबा, त्याची तालीम बंद करणार होते. तो पैलवान अडतीवर हमाली करी. बाजारात मी पाहिलं, पोतं उचलताना तो डावा गुडघा वाकवतच नव्हता. घरी सांगितलं तर दादा म्हणाला, "तू भाकरी थाप!" आबांनी मात्र महिनाभर त्याच्याकडून समोरच्याच्या डाव्या पायाला पट काढायचाच, म्हंजी पाय धरून ओढून पाडायचाच, सराव करून घेतला. नांदेडच्या फडात तोच पाय धरला आन् पैलवान उताणा! आबा सगळ्यांदेखत म्हणाले, "डाव माझ्या लेकीनं शोधला." दादा अजून कबूल करत न्हाई. त्याला घेऊन लवकर ये, समोरासमोरच विचारू.