कॅप्टनसाहेबांचे सिगार आणि सटाण्याची बडीशेप

तुम्ही घरचीच माणसं, म्हणून सांगतो. चहा संपेपर्यंत हसायचं नाही आणि संपल्यावर बाहेर कुठे बोलायचं नाही. एवढं कबूल असेल तर ऐका, मी माझी अब्रू स्वतःच्या हाताने, तीही गंधक लावून, कशी घालवली ते.

आधी एक लक्षात घ्या. मी आयुष्यात विडी-सिगारेट सोडाच, सुपारीचं खांडही तोंडात घातलेलं नाही. सगळी नोकरी द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये गेली. थंडी किती, ओल किती, कुठल्या पेटीला घाम आलाय, हे मी दारातून नुसता डोकावून सांगायचो. निदान मी लोकांना तरी तसं सांगत असे.

आमच्या ऋचाचं लग्न ठरलं ते गंगापूर रोडच्या कॅप्टनसाहेबांच्या मुलाशी. कॅप्टनसाहेब मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेले. माणूस राजा, शौक एकच, सिगार. लग्नाला दोनेक महिने असताना ते थोरल्या मुलीकडे कॅनडाला निघाले. निघताना टॅक्सी खाली उभी करून आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटवर आले, हातात जुन्या चादरीत गुंडाळलेली लाकडी पेटी.

"व्याही, यात सिगार आहेत. मुलगा नोकरीच्या गावी, बंगला बंद राहणार, या उन्हात पार वाळतील. सुकले तर भुगा होतो, ओलावले तर बुरशी लागते. आतली ओल सत्तर टक्क्यांच्या आसपास राहिली पाहिजे. झाकणाला आतून स्पंज आहे, त्याला मधूनमधून डिस्टिल्ड वॉटर द्या."

"काळजीच सोडा," मी म्हणालो.

"एक लाल पट्टीचा आहे. मुलगा झाला तेव्हा घेतलेला. त्याच्या लग्नात ओढायचा म्हणून इतकी वर्षं ठेवलाय. त्याला जपा. बाकी तुम्ही कोल्ड स्टोरेजवाले, तुम्हाला मी काय शिकवणार?"

झालं. हे शेवटचं वाक्य त्यांनी म्हणायला नको होतं.

आता अडचण अशी, की माझे सासरे त्याच आठवड्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहायला आले होते. दादा सटाण्याचे, कांद्याचे व्यापारी. जन्मभर विड्या ओढल्या आणि छातीत दुखल्यावर डॉक्टरांनी एका दिवसात बंद करायला लावल्या. त्याऐवजी ते खिशात बडीशेपेची डबी ठेवत आणि जरा तल्लफ आली की चिमूटभर तोंडात टाकत. सुनंदाने, म्हणजे आमच्या हिने, मला बजावलं होतं, की दादा असेपर्यंत घरात तंबाखूचं नावही निघता कामा नये.

म्हणून मी कुणालाच काही सांगितलं नाही. सुनंदा भाजी घेऊन परत यायच्या आत पेटी छोट्या खोलीतल्या कपाटात ठेवली. पेटीच्या एका बाजूला काहीतरी पितळी चकचकत होतं. ते दिसू नये म्हणून ती बाजू भिंतीकडे केली आणि पुढे गोधड्या रचल्या.

त्यामुळे झाकण माझ्याच अंगावर उघडायचं आणि मला मान वाकडी करून पलीकडून आत बघावं लागायचं. मला वाटलं, परदेशात गाड्या उलट्या बाजूने चालतात, तशा पेट्याही उलट्या उघडत असतील. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ओल मोजायला मी एक छोटं डिजिटल यंत्र ऑनलाइन मागवलं आणि पेटीत ठेवलं. नाक्यावरच्या बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटरची बाटली आणली. ती नेमकी दादांनी पाहिली.

"जावईबापू, बॅटरीनं पाणी घरमा कसाले?"

"इन्व्हर्टरला," मी म्हणालो.

दादांनी एकवार माझ्याकडे पाहिलं, एकवार दिव्याच्या बटणाकडे पाहिलं आणि बडीशेप तोंडात टाकली. आमच्याकडे इन्व्हर्टर नाही.

पहिल्या दिवशी आकडा सत्तर. मी खूश. तासाभराने पुन्हा पाहिलं तर थोडा खाली. जेवण झाल्यावर पाहिलं, आणखी खाली. दुपारची झोप झाल्यावर तर साठीला टेकलेला. स्पंजला पाणी दिलं, आकडा चढला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जितक्या वेळा पाहावं तितका आकडा घसरलेला.

कोल्ड स्टोरेजमध्ये याचा अर्थ एकच असतो. कुणीतरी दार उघडतंय.

सुनंदाला तंबाखूच्या वासाने शिंका येतात, ऋचा दिवसभर ऑफिसात. राहिलं कोण? दादा! मी सिगार मोजले. सगळे जागेवर. आता शहाण्या माणसाचा संशय इथे मिटला असता. मला वाटलं, म्हातारा हुशार आहे, नुसता वास घेऊन परत ठेवतो. आणि ती बडीशेप? इतकी बडीशेप माणूस खातो तरी कशाला? तोंडाचा वास मारायला. मला एकदम सगळा उलगडा झाला.

मग मी पाळत ठेवली. दादा पाणी प्यायला उठले की मी उठायचो. दादा बाल्कनीत गेले की मी छोट्या खोलीत जाऊन झाकण उघडून बघायचो. मी बाहेर आलो की दादा दारात उभे, डोळ्याला हिरवी पट्टी, उघड्या डोळ्याने माझ्याकडे रोखून पाहत.

"काही हवंय का दादा?"

"नाय. तुम्हले काही हवं व्हतं का?"

असा आमचा सासरे-जावयांचा प्रेमळ संवाद रोज चालायचा.

शेवटी मी सापळा लावला. झाकणाच्या फटीवर चारी बाजूंनी मोगऱ्याची टाल्कम पावडर भुरभुरली. कुणी उघडलं की पावडर त्याच्या अंगावर सांडणार आणि चोर रंगेहाथ सापडणार. संध्याकाळी दादांना उजेडात बसवून त्यांच्या कपड्यांवरून नजर फिरवली. दादा नेसतात पांढरंशुभ्र धोतर. त्यावर मी पांढरी पावडर शोधत होतो. सुनंदाने विचारलं, "अहो, दादांच्या धोतरात काय बघताय?" यावर कुठल्या जावयाने काय उत्तर द्यावं, तुम्हीच सांगा.

मग पेटी उघडली आणि बघतो तर काय! सिगारांवर पांढरी बुरशी! लाल पट्टीच्या सिगारवर तर सगळ्यात जास्त. मुलगा जन्मल्यापासून जपलेला सिगार, तो माझ्या कपाटात बुरसला. कॅप्टनसाहेबांना काय तोंड दाखवू? उद्या पोरगी त्या घरात जाणार, आणि बापाला एक पेटी सांभाळता आली नाही. खरं सांगतो, त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

पावडर मीच टाकली होती, हे माझ्या डोक्यात आलं का? नाही आलं. डोक्यात आलं ते द्राक्ष. द्राक्षाच्या पेटीत बुरशी लागू नये म्हणून आम्ही वरून एक गंधकाचा कागद घालतो. ओल लागली की त्यातून हळूहळू गॅस निघतो, बुरशीचा खात्मा. जुन्या नोकरीतले चार कागद घरात पडून होते. एक पुरला असता. बुरशी जास्त म्हणून मी दोन घातले आणि स्पंजला भरपूर पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी छोट्या खोलीत असा वास सुटला, जणू कुणी अख्खी काडेपेटी एकदम पेटवलीय. मी आत जाऊन नाकाला रुमाल लावून झाकण उघडलं आणि मागून आवाज आला.

"सुनंदा, ये इकडे. काडी ओढी जावईबापूंनी. मी सांगत नव्हतो का?"

दारात दादा आणि त्यांच्या मागे सुनंदा. माझ्यासमोर उघडी पेटी, पेटीत सिगार, हवेत गंधक.

"अहो," सुनंदा अगदी हळू आवाजात म्हणाली, "दादांच्या विड्या सोडवताना तुम्हीच त्यांना भाषण दिलं होतं."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण इतक्या दिवसांचा संशय तोंडावाटे बाहेर पडलाच. "मला काय विचारतेस? दादांना विचार. रोज ही पेटी कोण उघडतं, ते विचार त्यांना."

दादांचा चेहरा उतरला. "मी?" ते म्हणाले. "बिडी सोडी तवापासून मी काडेपेटीले हात नाय लावेल. देवाचा दिवा बी सुनंदा लावस." मला त्या क्षणी फार ओशाळल्यासारखं झालं. पण माघार घेणार कोण?

तेवढ्यात बेल वाजली. कॅनडाहून आलेले कॅप्टनसाहेब, हातात चॉकलेटचा पुडा. वासाच्या मागे थेट छोट्या खोलीत आले, आमचे तीन चेहरे पाहिले आणि कपाटातली पेटी उचलून टेबलावर ठेवली. ठेवताना सरळ केली. ती पितळी चकचकणारी बाजू पुढे आली. तिच्यावर चांगली रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठी काट्याची तबकडी होती, ओल दाखवणारी.

"हा बघत होतात ना?" त्यांनी विचारलं. "पेटी न उघडता दिसावं म्हणून बाहेर बसवलाय."

मी म्हणालो, "मी आत वेगळं यंत्र ठेवलं होतं."

"म्हणजे आकडा बघायला दर वेळी झाकण उघडत होतात?"

उत्तर दादांनी दिलं. "दिवसमा दहा-दहा येळा जात व्हते. दार लावी."

"मग ओल टिकणार कशी?" कॅप्टनसाहेब म्हणाले. "दर वेळी तुम्हीच बाहेर सोडत होतात." मग त्यांनी लाल पट्टीचा सिगार उचलला, बोटाने त्यावरचं पांढरं पुसलं, नाकाशी नेला. "व्याही, ही बुरशी नाही. याला मोगऱ्याचा वास येतोय."

सुनंदाला सगळं समजावून सांगितलं. तिला पटलं, निदान ती तसं म्हणाली. दादांना मात्र पटलं नाही. "सांभाळाले दिले व्हते ना? मग दिवसमा दहादा वास कसाले घ्यायचा?" हा त्यांचा प्रश्न आजतागायत कायम आहे. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी ती दिली, पण एखाद्या आजारी माणसाला द्यावी तशी.

लग्न छान झालं. व्याहीभेटीच्या वेळी कॅप्टनसाहेबांनी मला मिठी मारली, शाल दिली, नारळ दिला आणि खिशातून तो लाल पट्टीचा सिगार काढून माझ्या हातात ठेवला.

"हा मी ओढणार होतो," ते कानात म्हणाले. "पेटवायच्या आधीच काडीचा वास येतो हो याला. आता तुमच्याकडेच राहू द्या, माझी आठवण."

मला रडावं की हसावं कळेना. तेवढ्यात फोटोग्राफर म्हणाला, "काका, जरा तोंडात धरा ना, मस्त दिसेल." मी नाही म्हणणार होतो. पण कॅप्टनसाहेब बघत होते, आणि त्यांचं मी इतकं नुकसान केलेलं. मी धरला. फ्लॅश पडला.

समोर पहिल्या रांगेत दादा बसले होते. डोळ्याची पट्टी निघालेली, आता दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसत होतं. ते उठले, काठी टेकत माझ्यापर्यंत आले, माझा हात हातात घेतला.

"जावईबापू, माले बी सुटत नव्हती," ते म्हणाले. "सुटी जाई. घाबरू नका."

आणि खिशातली डबी काढून त्यांनी माझ्या तळहातावर चिमूटभर बडीशेप ठेवली. चारशे माणसं बघत होती. मी ती निमूटपणे खाल्ली.

आता दर महिन्याला सटाण्याहून बडीशेपेचा पुडा येतो. जेवण झालं की सुनंदा न बोलता वाटी पुढे करते. दादा फोनवर रोज विचारतात, "आज इच्छा झाली का?" मी म्हणतो, "नाही दादा." ते खूश होतात आणि सगळ्या सटाण्यात सांगतात, की आमच्या जावयाने एका झटक्यात सोडली.