मामाजींचा पाचहात्या

सासूबाई गेल्या आणि मामाजींना आम्ही चरोद्याहून जुनवानीला आमच्याकडे आणलं. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्या भंडाऱ्याकडे सुना सासऱ्यांना असंच म्हणतात. चरोद्याच्याच रेल्वे यार्डात मालगाड्या तपासण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलेलं. आमच्याकडे आल्यापासून मात्र ते बोलेनासे झाले होते. जेवायला हाक मारली की येत, ताट धुऊन ठेवत आणि पुन्हा दिवाणावर जाऊन बसत.

मी तेव्हा घरूनच कॉम्प्युटरवर काम करत होते. खोल समुद्रात, जिथे ऊन पोचतच नाही, तिथे यंत्र सोडून काढलेले फोटो माझ्याकडे यायचे. त्यांत प्रवाळं असायची. प्रवाळाभोवती पिवळी चौकट आखायची आणि त्याच्यावर राहणाऱ्या प्राण्याभोवती लाल. समुद्र मी तोवर पाहिलेलाही नव्हता.

चौकटी आखून पाठवलेला फोटोंचा माझा पहिलाच गठ्ठा परत आला. शेरा होता : प्राणी सुटले आहेत. मी प्रत्येक फोटो मोठा करून पाहिला. लांब उघडा दांडा, वर छत्रीसारखा फांद्यांचा झुबका, बस. प्राणी कुठे होता? दुसरा गठ्ठाही परत आला, तेव्हा मला रडूच फुटलं.

"काय झालं, बाई?" दिवाणावरून आवाज आला. कित्येक दिवसांत त्यांनी आपणहून विचारलेली ती पहिली गोष्ट.

मी सांगितलं. ते उठून खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले. चष्मा पुसून बराच वेळ पाहत राहिले.

"उभ्या गाडीत दोष दिसत नाही," ते म्हणाले. "चालती फिल्म नाही काय याची?"

फिल्म होती, पण काम फोटोंवर असल्याने मी ती कधी उघडलीच नव्हती. मी ती लावली. पाण्याच्या ओढीने झुबका हळूहळू डुलत होता.

"थांब. मांगं घे. आता पाह्य. सगळ्या फांद्या संगं हालून राहिल्या. हे एकटीच अलग हालते."

त्यांनी बोट ठेवलं तिथली 'फांदी' सावकाश उलगडली. मग दुसरी. पाच लांब हात होते, फांद्यांना वेटोळे घालून बसलेले, रंगही तसाच. तारामाशाच्या नात्यातला प्राणी होता तो. कामाच्या यादीत त्याचं नाव ब्रिटल स्टार होतं. मामाजींनी लगेच पाचहात्या केलं.

दुसऱ्या दिवसापासून दुपारचा चहा झाला की ते खुर्ची घेऊन येऊ लागले. आधी फिल्म, मग फोटो, असं आमचं ठरलं. गाडी यार्डात शिरताना रुळाशेजारी बसून एकेक चाक कसं पाहायचं, लोंबती साखळी कशी हेरायची, हे ते मध्येच सांगत. माझ्या नवऱ्यानेही हे कधी ऐकलं नव्हतं. गठ्ठे परत येणं थांबलं.

एकदा ते म्हणाले, "एका झाडावर एकच पाचहात्या कावून राहते? अन् लहान झाडावर लहान, मोठ्यावर मोठा. विचार तुझ्या मॅडमले."

मॅडम म्हणजे ज्यांच्यासाठी हे काम चाललं होतं त्या गोव्यातल्या संशोधक बाई. मी फोनवर विचारलं आणि फोन स्पीकरवर ठेवला. त्या खुशीत येऊन सांगू लागल्या, "बरोबर पाहिलंत. तो पिल्लू असताना कोवळ्या प्रवाळावर येऊन बसतो, आणि दोघं बरोबरच वाढतात. उंचावर बसल्यामुळे प्रवाहातलं खाणं त्याला मिळतं. प्रवाळाला त्याचा फायदा काय? तो कदाचित गाळ झटकत असेल, पण खात्री नाही."

मामाजी फोनजवळ वाकले. "अन् झाड मेलं तं हा कुठी जाते?"

"काका, ते आम्हाला खरंच नक्की माहीत नाही. पाहतोय अजून."

हे उत्तर त्यांना लागेल, अशी मला भीती वाटली. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते मान डोलावत होते. "माहीत नाही तं नाही म्हनते. चांगली बाई आहे," ते हळूच म्हणाले. मग थोड्या वेळाने, फोन ठेवल्यावर, ते सासूबाईंबद्दल बोलले. चरोद्याच्या क्वार्टरमध्ये त्या दोघांनी मांडलेल्या पहिल्या चुलीबद्दल, त्यांच्या हातच्या पाटोडीबद्दल. बोलता बोलता रडले. मी त्यांचा हात धरून बसले. लग्नानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

काम संपलं तेव्हा संशोधक बाईंनी आम्हा दोघांना व्हिडिओ कॉलवर बोलावलं. मामाजी इस्त्रीचा शर्ट घालून बसले. "काका, तुमच्या नजरेमुळे आमचं काम नीट झालं," त्या म्हणाल्या. "सूनबाईनं केलं सगळं," एवढंच मामाजी म्हणाले.

आमच्या घरात आभार मानायची पद्धत नाही, म्हणून मीही त्यांना काही बोलले नाही. पण नीट बघायला त्यांनीच मला शिकवलं. आता रविवारी ते लोकलने चरोद्याला जातात, यार्डातल्या जुन्या सोबत्यांना समुद्राच्या तळाच्या गोष्टी सांगतात, आणि परत आले की कोणी काय विचारलं ते मला सांगत बसतात.