दार लाव

घड्याळजींना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण थोरला भाऊ गेला आणि वहिनींनी त्याच्या जॅझ-ब्लूजच्या कॅसेटींचं खोकं दुकानात आणून ठेवलं. "तुमच्या दादांचा भारी जीव होता यांच्यावर. ऐका तरी."

पहिलीच कॅसेट ऐकून घड्याळजी वैतागले. ड्रमवाला दर ठोका किंचित उशिरा टाकत होता. "असलं घड्याळ माझ्याकडे आलं असतं, तर उघडून ताळ्यावर आणलं असतं!" पण खोड कुठे आहे ते सापडल्याशिवाय त्यांना चैन कुठलं? ते रोज दुपारी ऐकू लागले. आठवड्याभराने कळलं, की ठोका चुकत नाही. तो मुद्दाम थांबतो, आणि दर वेळी तेवढाच थांबतो.

मग त्यांनी ब्लूजची कॅसेट लावली. दादाने ती रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली होती. एक बाई जीव तोडून गात होती, आणि मध्येच चाळीस वर्षांपूर्वीचा दादा दबक्या आवाजात म्हणाला, "धाकट्या, दार लाव रे, गाणं भरतोय."

घड्याळजी ताडकन उठले. दार बंदच होतं. धूळ घड्याळांची वैरीण, म्हणून ते कधी उघडं नसायचंच.

महिन्याने वहिनी दुकानात आल्या. कॅसेटवर ती बाई गात होती.

"अहो भावजी, दार सताड उघडं? सगळी धूळ आत येतेय!" म्हणत त्या दार ओढू लागल्या.

"राहू द्या वहिनी," घड्याळजी म्हणाले. "अजून दादाने सांगितलं नाही."