ती ‘अत्ता’ म्हणायची

माझी धाकटी बहीण चार वर्षांची होईपर्यंत तिला ‘क’ म्हणता येत नव्हता. तिच्या तोंडात कचा त व्हायचा, गचा द आणि खचा थ. कुत्रा म्हणजे तुत्रा, गाय म्हणजे दाय, खिचडी म्हणजे थिचडी. काकडी हवी असली की ‘तातडी दे’ म्हणायची आणि घरात हशा पिकायचा. मी तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. ती मला अक्का म्हणायची, म्हणजे खरं तर अत्ता. चुलत भावंडांचं ऐकून आम्ही वडिलांनाही काकाच म्हणायचो. ते तिचे ताता.

आम्ही भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातून आलो होतो. शेती मोठ्या काकांवर सोपवून वडील भिलाईच्या कारखान्यात रिगर म्हणून लागले होते. लोखंडी खांब, तुळया दोरखंडांनी वर चढवायचं काम. कारखाना अजून उभा राहतच होता. कोहक्यात एका शेतकऱ्याच्या घरी आमच्या दोन खोल्या होत्या. दिवसभर दूरवर जमिनीत खांब ठोकल्याचा आवाज यायचा आणि फळीवरच्या थाळ्या किणकिणायच्या. नळावर पंजाबी, बंगाली, तेलुगू, छत्तीसगढी बायका असायच्या. एकीचं दुसरीला अर्धंच कळायचं.

त्या गर्दीत माझ्या बहिणीचं बोलणं कळणारी मी एकटीच होते. आईलाही पुष्कळदा मला विचारावं लागे, “काय म्हनून राहिली हे?” मग मी सांगायची. मला त्याचा गर्व होता. मीही तिच्याशी तसंच बोलायची. आई रागवायची, “तू असं काहून बोलून राहिली? तिले नीट शिकव ना. शाळेत हसतीन सारे.” मी हो म्हणायची आणि आईची पाठ वळली की पुन्हा तेच.

एका दुपारी आम्ही ओसरीवर काकडी खात होतो. ती स्वतःच्या तंद्रीत म्हणाली, “काकडी.” अगदी स्पष्ट, दोन्ही क. स्वतःच दचकून माझ्या तोंडाकडे बघायला लागली. शाबासकी हवी असेल. मी म्हणाले, “तसं नाई. तातडी म्हन.” तिनं जरा वेळ माझ्या ओठांकडे पाहिलं, जीभ पुन्हा दातांमागे नेली आणि म्हणाली, “तातडी.” मी तिला जवळ घेतलं. हे मी आईला कधीच सांगितलं नाही.

त्यानंतर महिनाभरात कॅम्प एक या कामगारवस्तीच्या रविवारच्या बाजारात ती हरवली.

आई तांदूळ मोजून घेत होती. बहिणीचा हात माझ्या हातात होता. पलीकडे बांगड्यांच्या दुकानापाशी कारखान्यावर आलेल्या रशियनांमधली एक बाई आली होती. गुलाबी, उंच, उघड्या दंडांची. बांगडीवाली तिच्या रुंद हातात बांगडी चढवायला बघत होती आणि भोवती घोळका जमला होता. मला दिसेना. बहिणीला म्हटलं, इथंच थांब, आणि हात सोडून घोळक्यात घुसले. बांगडी फुटली, सगळे हसले, रशियन बाईसुद्धा हसली. मी परत आले तेव्हा तांदळाच्या पोत्याशेजारी ती नव्हती.

आईनं मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ती गल्लीगल्लीत हाका मारत फिरली. मी मागे होते. कुणी विचारलं, “बच्ची अपना पता बता सकती है?” आई म्हणाली, “हो, घर माहीत हाये तिले.” मी गप्प राहिले. तिला घर माहीत होतं. पण कोहका ती तोहता म्हणायची. तोहता नावाचं गाव कुणाला सापडणार होतं?

वडील पाळीवरून परस्पर चौकीत गेले. सायकलवर लाउडस्पीकर बांधून एक माणूस लाल झगा, कानात काळा दोरा, असं ओरडत फिरला. सोमवारी वडील जामुल गावाच्या वाटेपर्यंत जाऊन आले. खोदलेल्या खड्ड्यांतून वाकून बघत होते, असं शेजाऱ्यानं आईला सांगितलं. घरात चूल पेटली नाही. खांब ठोकल्याचा आवाज तेवढा चालू होता. त्या आवाजाच्या मधल्या खंडात मला ‘अत्ता’ ऐकू यायचं. मी उठून ओसरीवर जायची. तिथं कुणी नसायचं.

मंगळवारी सकाळी वडील माठातलं पाणी प्यायला घरात आले. आई भिंतीला टेकून बसली होती. तिला काहीतरी सांगावं म्हणून ते म्हणाले, “आमच्या गँगमधला एक सांगून राहिला, तिकडे तेलुगू लोकाइच्या झोपड्याइत एक पोरगी सापडली म्हने. पन ते आपली नोहे. तेलुगू बोलते. आत्या पायजे, आजोबा पायजे, असं म्हनून राहिली. ते लोक उद्या गावाले चालले, तिले घिऊन जातीन. तिकडं पाहतीन कोनाची हाये ते.”

मी विचारलं, “तेलुगूत आत्याले काय म्हनतेत?”

वडील आपल्याच विचारात तांब्या ठेवत म्हणाले, “अत्ता का काय. अन् आजाले ताता.”

मी दोन्ही शब्द तोंडात घोळवून पाहिले. तेवढ्यात ते दारापर्यंत गेलेही. मग मी ओरडले, “काका, ते आपलीच हाये! ते मले बलावून राहिली! तुमाले बलावून राहिली!”

त्यांनी मला सायकलच्या दांड्यावर बसवलं. लाल मुरमाची वाट, ट्रकांची धूळ. वडिलांचा श्वास माझ्या केसांना लागत होता.

झोपड्या चटयांच्या आणि पत्र्याच्या होत्या. गाठोडी बांधून बाहेर ठेवलेली. एका झोपडीपुढे सावळी, थोराड बाई बसली होती. तिच्या मांडीवर माझी बहीण. केसांना तेल लावून घट्ट वेणी घातलेली, डोळ्यांत काजळ, गालाला काळी तीट. अंगात लाल झगाच होता, पण धुतलेला. वडिलांनी तिला उचललं आणि तिथंच मातीत बसले. ते रडत होते. ती रडली नाही. माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली.

बाईनं मोडक्या हिंदीत सांगितलं, बाजारात पोर अत्ता अत्ता करत धावत होती, म्हणून तिला वाटलं आपल्याच लोकांतली. “घर कहाँ पूछा, तो ताता बोली. मैं बोली, मैं ही अत्ता. चुप हो गई. खाना खाया.” मग तिनं मला विचारलं, “तुम कौन?”

वडील म्हणाले, “बडी बहन. इसको अक्का बोलती है.”

बाई थबकली. “अक्का?” ती म्हणाली. “हमारा में भी अक्का. वही. बडी बहन.” एवढं म्हणून तिनं पदर तोंडाला लावला.

घरी आल्यावर बहीण बोलेना. आई नवस बोलली, वैद्याला दाखवलं. ती खायची, झोपायची, सांगितलं ते करायची. तोंडातून आवाज नाही. मी तिच्यापुढे बसून तिचेच शब्द म्हणायची: तुत्रा, दाय, थिचडी. ती ऐकायची आणि उठून जायची.

दीड-एक महिन्यानं ती बाई कोहक्यात आली, पत्ता विचारत विचारत. त्यांचं गावाला जाणं लांबलं होतं, आता खरंच निघाले होते. पदरात मुरमुरे बांधून आणले होते. आईनं तिला चहा दिला. बहीण माझ्या मागे, माझा परकर धरून उभी होती. बाईनं हात पुढे केले.

बहिणीनं माझा परकर सोडला. “अत्ता,” ती म्हणाली आणि बाईच्या कुशीत शिरली.

आई आनंदानं रडायला लागली. पोर बोलली, पोर बोलली. मी दाराची चौकट धरून उभी होते. तो शब्द माझा होता. ती बोलायला लागल्यापासून माझा होता. ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

बाई गेली. पुन्हा आली नाही. दोन दिवसांनी बहीण माझ्याजवळ येऊन म्हणाली, “अक्का, पानी दे.” स्वच्छ क. त्यानंतर तिच्या तोंडात एकही अक्षर जागा चुकलं नाही. आई म्हणाली, देवानंच सुधरवलं. मी पाणी दिलं. मला वाटलं, कुणीतरी दुसरीच मुलगी हाक मारून गेली.

आम्ही दोघी आता म्हाताऱ्या झालो. ती दुर्गला असते. शाळेत शिकवायची, मुलांचे उच्चार कुणी तिच्याइतके नीट करून घेत नसे, असं लोक सांगतात. कुणी मूल बोबडं बोललं की ती हसत नसे, तोंडाकडे शांतपणे बघत राही. गेल्या हिवाळ्यात तिच्या घरी गेले होते. ती मेथी निवडत होती. काकडीची गोष्ट तेव्हा पहिल्यांदा तिला सांगितली. मीच तिला परत ‘तातडी’ म्हणायला लावलं होतं, हे.

तिचे हात थांबले. “मी बाजारात रडली होती का?” तिनं विचारलं.

“तुले काहीच आठवत नाई?”

“केसाइले कोनी तेल लावलं, तेवढं आठवते. आईनं लावलं असन म्हनून मी समजत होती.”

“आई नोहती ते.”

“मंग आईले सांगतलं होतं का तू? काकडीचं?”

“नाई.”

“बरं केलं,” ती म्हणाली. तिनं मेथीची एक जुडी माझ्याकडे सरकवली. आम्ही बराच वेळ पानं खुडत बसलो.