उभ्या तुरीचा बचाव

न्यायाधीश झाल्यावर तोंड आवरावं लागतं, हे परीक्षेच्या पुस्तकांत होतं. माझ्या स्वभावात नव्हतं. मंगरुळपीरच्या कोर्टात मी बारा-चौदा वर्षं फौजदारी वकिली केली ती भांडूनच. आमचं घर गावाला लागून भाजीपाला पिकवणारं. बाजारात गिऱ्हाइकांशी हुज्जत घालत मोठी झालेली मी, साक्षीदाराला काय सोडणार! लोक मला ‘आरोपीवाली बाई’ म्हणत आणि मला त्याचा तोरा होता. ज्याच्या बाजूने सख्खे भाऊही उभे राहत नाहीत, त्याच्या बाजूने मी उभी राहायची.

कोर्टाच्या आवारात माझ्या टेबलाला लागून एका मित्राचं टेबल होतं. आम्ही एकाच वर्षी सनद घेतली होती. मी आजारी असले की माझ्या तारखा तो सांभाळायचा, त्याच्या डब्यातलं लोणचं माझं असायचं. तो मला ताई म्हणायचा. या माणसाबद्दल कधी शंका घ्यावी लागेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं, आणि आज ते आठवलं तरी अंगाची लाही होते.

माझ्या वकिलीच्या शेवटच्या काळात मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरची बाई माझ्याकडे आली. तिचा नवरा खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात होता. दोघं नवराबायको दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. त्या वर्षी मजुरांचा ट्रक निघाला आणि पोलिसांनी त्याला ट्रकमधूनच खाली उतरवलं. कागदावर लिहिलं, आरोपी फरार होण्याच्या बेतात होता. अख्खा तांडा त्या ट्रकमध्ये होता, बायकापोरं, भांडीकुंडी, कोंबड्यासुद्धा. फरार होणारा माणूस कोंबड्या घेऊन निघतो का? पण हे विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं.

खून एका बड्या शेतकऱ्याच्या रानात झाला होता, त्याच्या सालगड्याचा. आदल्या दिवशी त्या सालगड्याची आणि तिच्या नवऱ्याची बाचाबाची झालेली गावाने ऐकली होती. साक्षीदार एकच, त्या शेतकऱ्याचा पुतण्या. मोटारसायकलवरून जाताना रस्त्यावरूनच आपण कुऱ्हाडीचा घाव पाहिला, असा त्याचा पोलिसांपुढचा जबाब होता. पंचनाम्यात जागेचं वर्णन होतं: सोयाबीन काढलेले शेत.

मी ते वाचलं आणि एकटीच हसले. सोयाबीन निघालं म्हणजे रान मोकळं झालं, असं शेत न पाहिलेल्यालाच वाटेल. आमच्याकडे सोयाबीनच्या मधे तुरीच्या ओळी असतातच. सोयाबीन जातं, तूर उभी राहते आणि दिवाळीच्या सुमाराला माणसाच्या डोक्यावर जाते. सातबाऱ्यावर दोन्ही पिकं लागलेली होती. पंचनामा लिहिणाऱ्याने एकच लिहिलं होतं.

तूर तेव्हा उभीच होती, म्हणून मी त्या बाईला घेऊन तिथे गेले. मी रस्त्यावर थांबले आणि तिला प्रेत सापडलं त्या जागी आत पाठवलं. ती चार ओळी ओलांडून गेली आणि दिसेनाशी झाली.

“दिसून राह्यली का मी?” तिने आतून आवाज दिला.

तिच्या लुगड्याचा काठसुद्धा दिसत नव्हता. मी तिला बाहेर बोलावलं आणि तिथेच बजावलं, हे तुरीचं कोणाला सांगायचं नाही, आईलाही नाही. साक्षीदाराच्या कानावर गेलं तर तो सरळ म्हणेल, मी गाडी लावून आत शिरलो होतो. आधी त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं की तो रस्त्यावरच होता, गाडीवरून उतरलाच नव्हता. सगळी दारं बंद झाली की मग तूर काढायची. तिला ते लगेच समजलं. येताना ती रस्ताभर एक शब्द बोलली नाही, जणू गुपित तोंडातून सांडेल.

खटला उभा राहायच्या आत माझी जिल्हा न्यायाधीश म्हणून निवड झाली. वडिलांनी भाजीच्या गाडीवरूनच पेढे वाटले. न्यायाधीश होताना वकिलाला आपल्या सगळ्या केसेस दुसऱ्यांच्या हाती द्याव्या लागतात. आमच्यात रीत अशी, की फाईल देताना बचाव तोंडी सांगायचा. फाईल दहा हातांतून फिरते, त्यामुळे बचाव तिच्यात कोणी लिहून ठेवत नाही. मी मित्राला कोर्टासमोरच्या टपरीवर नेलं आणि तुरीची सगळी गोष्ट सांगितली. प्रश्न कोणत्या क्रमाने विचारायचे तेही सांगितलं.

“ताई, तुमी बिनघोर जा,” तो म्हणाला. “माणूस सुटलाच समजा.”

त्या बाईला मात्र पटत नव्हतं. “तुमी असत्या तं बरं झालं असतं,” ती पुन्हा पुन्हा म्हणाली. मी तिला सांगितलं, तो माझ्या भावासारखा आहे. बार रूममध्ये माझा निरोपसमारंभ झाला, शाल-नारळ दिलं, मित्राने भाषण केलं आणि त्याचे डोळेही भरून आले होते. माझे तर वाहतच होते.

मला नेमणूक लांब मिळाली, समुद्राकडच्या जिल्ह्यात. तिकडच्या वकिलांना सोयाबीन कशाशी खातात हेही ठाऊक नाही. मधूनमधून मी त्या केसची पुढची तारीख कॉम्प्युटरवर बघायची. विचारपूस करायची नाही हे कळत होतं. एके दुपारच्या सुट्टीत निकालपत्र दिसलं. डबा उघडा होता, एक घास हातात होता. जन्मठेप.

मी घास खाली ठेवला आणि पहिल्या पानापासून वाचू लागले. साक्षीदाराने सरकारी वकिलाच्या सरतपासातच, कोणी न विचारता, सांगून टाकलं होतं: शेतात तूर उभी असल्याने रस्त्यावरून काही दिसत नव्हतं, आरडाओरडा ऐकून मी गाडी लावली आणि आत गेलो. माझ्या बचावातलं एकेक दार त्याने आधीच येऊन बंद करून ठेवलं होतं. बरं, तरीही सगळं संपलं नव्हतं! पोलिसांपुढच्या जबाबात आत गेल्याचं अक्षरही नव्हतं. तेवढं साक्षीदाराकडून आणि तपास अधिकाऱ्याकडून वदवून घ्यायचं, की आत गेल्याची गोष्ट मागाहून रचलेली ठरते. कालचं पोर वकील झालं असतं तरी त्याने घेतलं असतं. माझ्या मित्राने मोजके प्रश्न विचारले, तेही तारखेचे आणि नात्याचे. उलटतपास संपला.

मी त्याला फोन केला. करायला नको होता, पण केला.

“मॅडम,” तो म्हणाला. ताई नाही, मॅडम. “तुम्ही आता न्यायाधीश. चाललेल्या केसबद्दल असं विचारणं तुम्हाला शोभतं का? अपिलाची मुदत आहे अजून.”

आवाज इतका सभ्य होता की मला ओरडताही येईना. नंतर मंगरुळपीरहून आलेल्या एका जुन्या सहकाऱ्याने बोलता बोलता सांगितलं, त्या बड्या शेतकऱ्याच्या घराण्याचे शेतीचे सगळे दावे हल्ली माझ्या मित्राकडेच असतात. त्याला वाटलं, मला ऐकून आनंद होईल. तेव्हापासून माझ्यासमोर एखादा वकील दोन प्रश्न विचारून खाली बसला की माझ्या डोक्यात कळ जाते. मी वरून विचारते, आणखी काही? तो नाही म्हणतो, आणि मला पुढचा साक्षीदार बोलवावा लागतो.

या दिवाळीत मी सुट्टीवर घरी गेले. आठवडी बाजारात भाऊ भाजी घेऊन बसला होता, मी त्याच्याशेजारी मेथीच्या जुड्या बांधत होते. समोर एक बाई येऊन उभी राहिली. काही घ्यायला आली नाही, हे मला तिच्या उभं राहण्यावरूनच कळलं.

“वकीलबाई,” ती म्हणाली. मी अजून तिच्यासाठी वकीलबाईच होते. “तुरीचं मी माह्या मायलेबी सांगतलं नोतं.”

“मला माहीत आहे.”

“मंग त्या पोट्ट्याले कसं समजलं? तिघाईलेच मालूम होतं. मी, तुमी अन् थो वकील.”

मी म्हणाले, “मी नाही सांगितलं.”

“थोबी हेच म्हने.” तिचा आवाज चढला नाही, मला तो चढायला हवा होता. “थो म्हने, बाईनंच सरकारले सांगतलं. म्हून तं जज झाल्या.”

हातातली जुडी मी बांधतच राहिले, दोरा तिसऱ्यांदा फिरवला. त्याने मला फसवलं, त्या माणसाला जन्मठेपेत घातलं आणि वर स्वतःच्या पापावर माझं नाव लिहून हिच्या हातात दिलं! मी काय पुरावा देणार होते? टपरीवर आम्ही दोघंच होतो. तिला आयुष्यभर कळत आलं होतं की बडी माणसं एकमेकांना सामील असतात, आणि आता मी बडी होते.

“खोटं आहे ते,” मी म्हणाले. माझा आवाज बाजारात चार जणांना ऐकू गेला. “त्याने सांगितलं. त्याने.”

“असन,” ती म्हणाली. तिने ना मान हलवली, ना नाही म्हटलं.

कोणत्याही न्यायाधीशाने कोणालाही सांगावं तेवढं मी तिला सांगितलं: नागपूरला हायकोर्टात अपील होतं, फुकट वकील मिळतो, तुरुंगातूनही अर्ज करता येतो, मुदत उलटली तरी उशिराची माफी मागता येते. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, रात्रीच्या ट्रकने ती ऊसतोडीला निघते आहे. ऊसतोडीला जोडप्याचा एक कोयता धरतात. नवरा नाही म्हणून ती अर्धा कोयता म्हणून भावाच्या टोळीत जाणार होती.

“आल्यावर जाईन नागपूरले,” ती म्हणाली. “नव्या वकिलाले तुरीचं मीच सांगन.”

भावाने तिला मेथीची जुडी पुढे केली. तिने घेतली नाही. दोन पावलं गेली आणि मागे वळली.

“तुमी आता कोनाले सांगू नोका, बाई.”