वाकलेले गुडघे

मी पदवीधर झालो तो थोरल्या बहिणीमुळे. लोकांच्या रानात खुरपून अक्काने मला शिकवलं.

परवा माझ्या सावेडीतल्या स्टुडिओत साखरपुडा झालेलं जोडपं आलं. मुलगी मुलापेक्षा वीतभर उंच होती. लाजून ती प्रत्येक फोटोत साडीआड गुडघे वाकवायची.

मी म्हणालो, "ताई, सरळ उभ्या राहा. उंची कॉम्प्युटरवर सारखी करतो."

नवरदेव म्हणाला, "नका करू, भाऊ. आमच्या माळ्यावरचे डबे तुमचा कॉम्प्युटर काढनार हाय व्हय?"

"लई शाना!" म्हणत तिने त्याला कोपर मारलं. खळखळून हसताना ती ताठ उभी राहिली. मी तोच फोटो टिपला.

त्याच संध्याकाळी, नेहमीसारखं, गावी अक्काला पत्र लिहिलं: "अक्का, आज फोटोत फक्त उजेड थोडा वाढवला. ती त्याच्याहून उंचच आहे आणि दोघंही हसतायत. तुला दाखवायला आणतो."